फटफटी थांबते, पिल्लू थांबत नाही

बालमित्रांनो,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रातून एकच प्रश्न विचारलाय, "सर, तुमच्या म्हैसूरच्या सफरीचं काय झालं?"

खरंच की! दिवाळीच्या सुट्टीत फटफटीवरून म्हैसूरला जाणार आणि आल्यावर तुम्हाला सगळं सांगणार, असं मी याच पानावर मोठ्या ऐटीत लिहून बसलो होतो. तर ऐका. मी म्हैसूरला गेलोच नाही. का गेलो नाही, ते आज सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगतो. चूक झाली तर कबूल करावी, असं आम्ही तुम्हाला वर्गात रोज सांगतो ना? मग गुरुजींना वेगळा नियम कसा असेल?

नव्या वाचकांसाठी आधी माझ्या फटफटीची ओळख करून देतो. माझी गाडी म्हणजे वडिलांनी १९८४ साली घेतलेली येझदी रोडकिंग. २५० सीसीचं इंजिन, एकच सिलिंडर आणि सायलेन्सर मात्र दोन! हिची आणखी एक गंमत आहे. किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. किक मारली की तोच दांडा पुढे वळवायचा, की झाला गिअर. नवा माणूस गाडीवर बसला की किक शोधत राहतो आणि आमची पोरं तोंडावर हात ठेवून हसतात. शिवाय हे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागतं. ते विसरलात तर आतला पिस्टन घासून जाम होतो आणि मग खिसा रिकामा!

ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात जन्मली. झेकोस्लोव्हाकियातली 'जावा' मोटरसायकल १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली. १९७३ मध्ये तिचं नाव येझदी झालं. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. हल्ली त्याच नावाच्या नव्या गाड्या पुन्हा निघाल्यात, पण माझी ती जुनी. तिला एकदा तिचं माहेर दाखवून आणावं, असं माझ्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. अमरावतीचे तीन मित्रही तयार झाले. निघायचा दिवस ठरला, भाऊबीजेचा दुसरा दिवस.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं माहीत आहे?

मी शाळेत जायला निघालो होतो. आमचं घर नांदगाव खंडेश्वरात. माझी शाळा बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी असते. मी चावी लावली, किकवर पाय ठेवला, तेवढ्यात शेजारचा सातवीतला पोरगा कुंपणावरून ओरडला, "सर, किक मारू नोका! गाडीखाली कुत्री ब्याली!"

हा पोरगा म्हणजे माझा असिस्टंट बरं का. मी गाडी खोलून बसलो की हा बाजूला उकिडवा बसतो आणि मागेन तो पान्हा हातात देतो. दहाचा मागितला तर कधी बाराचा देणार नाही!

वाकून पाहतो तर खरंच! गल्लीतली काळी कुत्री गाडीच्या जुन्या कव्हरवर पसरली होती आणि तिच्या पोटाशी पाच पिल्लं. डोळे मिटलेले, कान बंद, उंदरांएवढी. गाडी तशीच ठेवून मी त्या दिवशी एसटीने शाळेत गेलो.

पिल्लांची नावं ठेवायचं काम अर्थातच असिस्टंटने केलं. सगळ्यांत आधी दुधाला पोचायचा तो किक. सारखा कुईंकुईं करायचा तो हॉर्न. आईला चिकटून सुटायचं नाव न घेणारा क्लच. अंगाने बारीक पण तडतडी ती प्लग. आणि पाचवा, आवाजच न करणारा, तो सायलेन्सर.

नऊ दिवस मजेत गेले. दहाव्या दिवशी पहाटे अमरावती-यवतमाळ रस्त्यावर कुठल्याशा गाडीने काळीला उडवलं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते.

माझी आई पिल्लांकडे पाहून म्हणाली, "बाप्पा, माय नाही आता त्यायले. हे लेकरं जगतीन का रे?"

मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि मुलाला पाढे शिकवावेत तसं एकेक शिकवलं. त्यातलं तुम्हालाही सांगतो, कधी तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे ऊब. लहान पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आपण थंडीने कुडकुडतो ना, तेही त्याला नीट जमत नाही. आईच्या पोटाची ऊब हीच त्याची गोधडी. आई नसेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवायची आणि ती थंड झाली की लगेच बदलायची. थंड बाटली नुसती ठेवली तर ती उलट त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते.

दुसरी गोष्ट दूध. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीहून जास्त असतात. म्हणून नुसतं गाईचं दूध पिल्लांना पुरत नाही, वर पोटही बिघडतं. पिल्लांसाठीच्या दुधाची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची. आणि पाजताना पिल्लू पालथं ठेवायचं, आपल्या तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्ही नाक मुरडाल! इतकं लहान पिल्लू आपलं आपण शी-शूही करू शकत नाही. आई चाटते तेव्हाच त्याला होते. आई नसली की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून ते काम आपल्याला करावं लागतं. झालं, ते कामही गुरुजींकडे आलं!

आणि हे सगळं दर तीन-चार तासांनी. रात्री दहा, दोन, सकाळी सहा. दिवसा आई बघायची. दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून घरी फोन करायचो, "पिल्लं प्याली का?" रात्री दोनचा गजर, सकाळी शाळा, संध्याकाळी वह्या तपासणं, आणि त्यातून उरलेल्या वेळात म्हैसूरसाठी गाडी तयार करणं. चेन, प्लग, ब्रेकचे लायनर, टायर. दोन्ही जमेल असं मला वाटत होतं. अहो, वर्गात साठ कानांना एकाच वेळी शिकवणारा माणूस मी, पाच पिल्लं आणि एक फटफटी म्हणजे काय मोठं!

आता माझी चूक ऐका.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. पिल्लं दोन आठवड्यांची झाली होती, डोळे नुकतेच उघडले होते. मित्रांनी ठरवलं, लांबच्या सफरीआधी गाड्यांची परीक्षा घ्यायची. चिखलदऱ्याचा घाट चढून यायचा. सकाळी सहाला दूध पाजून निघायचं, दुपारी एकपर्यंत परत. आई तेव्हा मावशीकडे दर्यापूरला गेली होती. मी गाडी बाहेर काढता काढता असिस्टंटला म्हणालो, "जरा पिल्लांकडे लक्ष ठेव रे." तो म्हणाला, "हो सर." आणि मी निघालो.

परतवाड्यापर्यंत गाडी अशी पळाली की काय सांगू! घाटात मात्र एका वळणावर खाड्कन आवाज झाला आणि चेन तुटून रस्त्यावर. माझ्याजवळ चेनचं जादा लॉक नव्हतं. मित्राच्या गाडीवरून खाली जाणं, रविवारचं उघडं दुकान शोधणं, परत येणं, चेन बसवणं. घरी पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. आभाळ भरून आलेलं, वारा गार.

असिस्टंट दारातच बसला होता. म्हणाला, "सर, म्या चारदा पाह्यलं. झोपेल होते सारे."

मी शेडमध्ये गेलो. बाटली थंडगार पडलेली. चार पिल्लं एकमेकांत घुसून मलूल पडली होती. सायलेन्सर जरा बाजूला होता. तो झोपलेला नव्हता.

चौघांना मी शर्टाच्या आत घेतलं, पाणी गरम केलं, थेंबथेंब दूध पाजलं. तासाभराने हॉर्न कुईं करून ओरडला. इतका गोड आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. पण तो ऐकायला दारात कोणी नव्हतं. पोरगा केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या घरी गेलो तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याची आई म्हणाली, "दोन दिवसांपासून जेवला नाही सर. म्हणते, माह्यामुळे मेलं पिल्लू."

मुलांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. नीट विचार करा. 'लक्ष ठेव' म्हणजे काय? मी त्याला दूध पाजायला सांगितलं होतं? बाटली बदलायला? किती वाजता, किती चमचे? काहीच नाही. तो चार वेळा येऊन बघून गेला. म्हणजे मी जे सांगितलं, ते त्याने तंतोतंत केलं. न सांगितलेलं त्याने कसं करावं? वर्गात एखाद्या मुलाला मी गणित न शिकवताच फळ्यावर उभं केलं आणि उत्तर चुकलं, तर चूक कोणाची?

मी खाटेवर बसलो आणि त्याला म्हणालो, "तुझी चूक नाही. माझी आहे. काम माझं होतं आणि ते मी तुला न समजावता टाकून गेलो. मला माफ कर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "सर, बाकीचे चार पेतात का दूध?"

"पितात. पण माझ्या एकट्याच्याने होत नाही."

तो उठून बसला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे एक तक्ता आखला. आडव्या ओळीत वेळा, उभ्या ओळीत कामं: दूध, बाटली, कापूस, वजन. काम केलं की त्या चौकोनात बरोबरची खूण आणि करणाऱ्याची सही. पिल्लं तोलायला स्वयंपाकघरातला काटा घेतला. पिल्लाचं वजन रोज थोडं तरी वाढायला हवं. ते थांबलं तर काही तरी बिघडलंय असं समजायचं. आईने काटा परत मागितला नाही, पण नवा मात्र आणायला लावला!

आणि म्हैसूर? असिस्टंटला माझी सफर बुडू द्यायची नव्हती. तो म्हणाला, "सर, कॅरिअरवर खोकं बांधू. पिल्लं संगंच घेऊन जा!"

कल्पना झकास, नाही का? मग मी त्याला एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. जानेवारी १९५२ मध्ये अर्जेंटिनातून दोन मित्र जुन्या ५०० सीसीच्या नॉर्टन मोटरसायकलवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. एकाचं नाव अल्बर्टो ग्रॅनॅडो. दुसरा तेवीस वर्षांचा, डॉक्टरकीचा विद्यार्थी अर्नेस्टो गवेरा. पुढे क्रांतिकारक 'चे गवेरा' म्हणून जगाला माहीत झाला तोच. त्यांनी गाडीला नाव दिलं होतं 'ला पोदेरोसा', म्हणजे 'बलवान'. अर्नेस्टोने मैत्रिणीला भेट द्यायला एक कुत्र्याचं पिल्लूही गाडीवर घेतलं होतं. नाव 'कमबॅक', म्हणजे 'परत ये'. त्या बिचाऱ्याचे काय हाल झाले! ते गाडीवरून खाली पडलं, घोड्याच्या पायाखाली आलं, त्याचं पोट बिघडलं. नशीब बलवत्तर म्हणून मुक्कामी पोचलं. ती बलवान मोटरसायकल मात्र पुढे चिलीमध्ये कायमची बंद पडली.

गोष्ट ऐकून असिस्टंट म्हणाला, "नोको सर. खोकं नोको."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मित्र निघाले. त्यांना हात करायला मी रस्त्यापर्यंत गेलो. तीन गाड्यांचा आवाज लांब जाईपर्यंत उभा होतो. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. घशात आवंढा आला. पण घड्याळात दहाला दहा कमी होते आणि दहाचा चौकोन माझ्या सहीचा होता.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. येझदी दोन महिने शेडमध्ये उभी राहिली, तर फार तर काय होईल? प्लग साफ करावा लागेल, टायरमध्ये हवा भरावी लागेल. ती रुसत नाही, वाट पाहते. गाडीला 'उद्या' चालतो. पिल्लाला चालत नाही. त्याची तीन तासांची भूक उद्यावर टाकता येत नाही. मग दोघांवर प्रेम असलं, तरी आधी कोणाला वेळ द्यायचा, हे आपोआप ठरतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौथ्या आठवड्यात पिल्लं ताटलीतून मऊ खिमट खायला लागली. ताटलीतच बसून खायची ही गोष्ट वेगळी! डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. दीड महिन्याची झाल्यावर पार्व्हो आणि इतर रोगांची पहिली लस. पार्व्होने पिल्लांना रक्ताचे जुलाब होतात आणि वेळेवर उपचार नाही झाले तर ती जातात, म्हणून ही लस आणि तिचे पुढचे डोस चुकवायचे नसतात. दोन महिने पूर्ण झाल्यावरच आम्ही घरं शोधली. त्याआधी भावंडांपासून तोडायचं नसतं, कारण किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी खेळूनच शिकतं. हॉर्न माझ्या एका विद्यार्थ्याच्या शेतावर राखणीला गेला. आवाज कामी आला! क्लच बडनेऱ्याच्या एका कुटुंबाकडे गेला. किक असिस्टंटच्या घरी. आणि प्लग माझ्याकडे.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. इथे एक गोष्ट लक्षात ठेवाच. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे तुमच्यातल्याच कोणाएवढा, लुई पाश्चर यांच्याकडे आणला गेला. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. पाश्चर यांची नवी लस त्याला दिली गेली आणि तो वाचला. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रोग होतच नाही. म्हणून कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला तरी घरी लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शनं पूर्ण करायची. आणि हो, आईजवळचं पिल्लू उचलायला जाऊ नका. आई कितीही गरीब दिसो, पिल्लांसाठी ती वाघीण असते.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र मी येझदी बाहेर काढली. लोणारला गेलो. आमच्या तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून जुन्याच रस्त्याने, कारंजा, मालेगाव, मेहकर करत गेलो. उल्का आदळून तयार झालेलं ते जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर काठावरून पाहिलं, शिदोरी खाल्ली आणि परत फिरलो. खिशात चेनची दोन जादा लॉक होती!

जाण्याआधी मी असिस्टंटला 'लक्ष ठेव' म्हणालो नव्हतो. त्याच्याबरोबर बसून तक्ता भरला होता. प्लगचं खाणं किती वाजता, किती; पाणी कधी बदलायचं; काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा. सगळं त्याच्याकडून एकदा म्हणवूनही घेतलं.

रात्री घरी आलो. प्लग शेपटी हलवत धावत आली. तक्त्यावरच्या प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण आणि वळणदार सही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"सर, प्लगनं तुमची एक चप्पल खाल्ली. ह्याच्यासाठी तक्त्यात चौकोन नव्हता."

तर बालमित्रांनो, म्हैसूर अजून बाकी आहे. ते कुठे पळून जात नाही. तुम्हीही एक करा. तुमच्या घरात तुमच्यावर अवलंबून असलेलं कोणी तरी असेलच. वासरू, मांजर, कुंडीतली तुळस, नाही तर वेळेवर गोळ्या लागणारी आजी. त्यांच्यासाठी एक आठवड्याचा तक्ता आखा, रोज सही करा आणि मला कळवा. किती चौकोन रिकामे राहिले, तेही खरं लिहा हं! माझा एक रिकामा राहिला होता, आणि तो मी तुम्हाला सांगितलाय.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
फटफटीवाला गुरुजी